दहा मिनिटांची उपासना: किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती प्राथमिक शाळेसाठी

सिंधुदुर्गातल्या एका ख्रिस्ती प्राथमिक शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. सुरुवातीची कित्येक वर्षं सकाळची उपासना मी चुकीचीच घेत होतो, हे आधी सांगून टाकतो. ती पंचवीस मिनिटं चालायची. वाचन, उपदेश, दोन गाणी, आणि त्याला जोडूनच फीची आठवण आणि गणवेश नसलेल्यांची झाडाझडती. एका जुलैत पत्र्यावर अशी सर कोसळली की माझाच आवाज मला ऐकू येईना. मी पुस्तक मिटून उभा राहिलो. सगळी शाळा माना वर करून पाऊस ऐकत बसली. तीन-चार मिनिटांनी सर ओसरली, तेव्हा पहिलीतला एक पोरगा शेजारच्याला म्हणाला, "आज बरां वाटलां."

माझ्या उपदेशाला असा अभिप्राय कधी मिळाला नव्हता. त्या दिवसापासून मी उपासना कापत कापत दहा मिनिटांवर आणली आणि तिच्यातलं माझं बोलणं चार मिनिटांवर. खाली लिहिलंय ते त्या कापाकापीतून हाती आलेलं आहे. या जूनमध्ये नव्याने सुरुवात करणाऱ्या शिक्षकांना ते उपयोगी पडेल, आणि वर्षानुवर्षं घेऊन कंटाळलेल्यांना कदाचित जास्तच.

आधी पालकांची सही

आपल्या शाळांत बसणारी बहुतेक मुलं ख्रिस्ती नसतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे वर्गात गाबीत, भंडारी, मराठा घरांतली मुलं असतात, रत्नागिरीकडे कोकणी मुसलमानांची, आणि दोन-चार कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट. म्हणून पहिलं काम बायबल उघडण्याचं नाही, कागदाचं आहे.

संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते. आपण अल्पसंख्याक संस्था आहोत, कलम ३० ने शाळा चालवायचा हक्क आपल्याला दिलाय, हे खरंच आहे. पण त्या हक्कामुळे २८(३) पुसलं जात नाही. शाळा विनाअनुदानित असली तरी ती मान्यताप्राप्त असते, तेव्हा तिलाही हे लागू होतं. इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्यापासून शाळेत रोजची सामूहिक उपासना बंधनकारक आहे आणि नको असेल त्या पालकाने मूल बाहेर काढायचं असतं. आपल्याकडे गाडी उलट्या दिशेने चालते: पालकाने हो म्हटलं तरच मूल आत. तिकडची पुस्तकं वाचून उपासना आखणाऱ्यांनी हा फरक विसरू नये. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या सूचनांतही इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, असं सरळ सांगितलं आहे.

संमतीपत्र प्रवेशाच्या फॉर्ममध्ये बारीक अक्षरांत दडवू नका. वेगळा कागद करा, मराठीत, आणि पालकाला बाकावर बसवून वाचून दाखवा. आमचा मजकूर असा होता:

"शाळेत रोज सकाळी दहा मिनिटं ख्रिस्ती पद्धतीची उपासना होते. तिच्यात शांतता, बायबलमधली गोष्ट, प्रार्थना आणि गाणं असतं. माझ्या मुलाने/मुलीने तिला बसावं / बसू नये. हा निर्णय मी वर्षात केव्हाही बदलू शकतो/शकते. निर्णय कोणताही असला तरी शाळेत माझ्या मुलाला मिळणाऱ्या वागणुकीत फरक पडणार नाही."

शेवटचं वाक्य पाळणं सगळ्यात कठीण. सुरुवातीला न बसणाऱ्या मुलांना मी त्या वेळात व्हरांडा झाडायला लावत असे. माझ्या मनात शिक्षा नव्हती, पण मुलांना ती शिक्षाच वाटत होती, आणि एका आजीने शाळेत येऊन मला ते चांगल्या शब्दांत ऐकवलं. नंतर त्या मुलांसाठी वाचनकोपरा ठेवला: एक शिक्षक, गोष्टींची पुस्तकं, तेवढीच दहा मिनिटं. काही दिवसांनी उपासनेतलीच मुलं तिकडे जायला बघू लागली, तेव्हा कळलं की कोपरा बरा चाललाय.

गावात शंका असतेच, आणि तिला इतिहास आहे. स्कॉटिश मिशनरींनी १८२० च्या दशकात बाणकोट-हर्णै पट्ट्यात मराठी शाळा काढल्या. पुढे मुंबईत नाव झालेले जॉन विल्सन १८२९ मध्ये मराठी शिकले ते हर्णैला. शाळा आणि धर्मांतर हे दोन शब्द तेव्हापासून इथल्या बोलण्यात एकत्र येतात. ही शंका भाषणाने जात नाही. उपासनेचा दरवाजा उघडा ठेवा आणि कोणत्याही पालकाला कोणत्याही दिवशी मागे येऊन बसू द्या. आमच्याकडे पहिल्या वर्षी आठ-दहा जण येऊन बसले. पुढच्या वर्षी कोणी आलं नाही.

परिपाठ वेगळा, उपासना वेगळी

राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या हा परिपाठ. तो सगळ्यांचा आहे, मैदानात किंवा पावसाळ्यात वर्गात होतो, आणि त्यात ख्रिस्ती प्रार्थना मिसळू नये. मिसळली की संमती न दिलेलं मूल राष्ट्रगीत झाल्यावर रांगेतून बाहेर पडतं आणि सगळी शाळा त्याच्याकडे बघते. परिपाठ संपला, पाच मिनिटं पाणी-बिणी झालं, मग संमती असलेली मुलं उपासनेच्या जागी गेली, असं ठेवा.

परिपाठातही एक गोष्ट लक्षात असू द्या. केरळमधल्या तीन मुलांना, ती राष्ट्रगीताला आदराने उभी राहत पण स्वतः गात नसत म्हणून, शाळेतून काढलं होतं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. ती मुलं ख्रिस्ती पंथातलीच होती. आपल्या मुलांच्या श्रद्धेसाठी जी मोकळीक आपल्याला हवी असते, तीच उपासनेत दुसऱ्यांच्या मुलांना द्यायची. बसलेल्या मुलालाही हात जोडण्याची, डोळे मिटण्याची, "आमेन" म्हणण्याची सक्ती नको. नीट बसलं, दुसऱ्याला त्रास दिला नाही, की पुरे.

दहा मिनिटांची वाटणी: शांततेला एक, गोष्टीला चार, विचार करायला एक, प्रार्थनेला दोन, गाण्याला दोन. फी, गणवेश, नखं, शौचालयाची चावी यांतलं काहीही या दहा मिनिटांत बोलायचं नाही. रागावायचंही नाही. रागावायचंच असेल तर अकराव्या मिनिटाला, बाहेर.

जागा आणि टेबल

वेगळी खोली असेल तर उत्तम. नसेल तर व्हरांड्याचं वाऱ्याआडचं टोक घ्या. मुलं जमिनीवर, अर्धगोलात, लहान पुढे. मध्ये बुटकं टेबल, त्यावर कापड. कापडाचा रंग चर्चच्या वर्षाप्रमाणे बदला: आगमनकाळात (नाताळाआधीचे चार आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस) जांभळा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टला (पवित्र आत्मा उतरल्याचा सण) लाल, एरवी हिरवा. सहा-सात वर्षांच्या मुलाला काळ बदलल्याचं उपदेशापेक्षा कापडाने आधी कळतं. एका सोमवारी मी हिरवं काढून जांभळं घालायला विसरलो, तर दुसरीतल्या मुलींनी मला टेबलापाशी थांबवलं.

मेणबत्ती किनाऱ्यावर टिकत नाही. वारा तिला दोन मिनिटं जगू देत नाही, मग मुलं ज्योतीवरच पैजा लावतात. काचेचा कंदील घ्या. पेटवणं-विझवणं मोठ्या माणसाचं काम, काड्यापेटी त्याच्याच खिशात.

कंदिलाशेजारी रोज एक वस्तू ठेवा आणि ती मुलांनी आणलेली असू द्या. शिंपला, सुरंगीची फुलं, भाताची लोंबी, तुटलेल्या जाळ्याचा तुकडा, काजूची पहिली बी. त्या वस्तूबद्दल कोणी काही बोलायलाच पाहिजे असं नाही.

शांतता शिकवावी लागते

"शांत बसा" म्हणून मुलं गप्प होतात. शांत होतातच असं नाही. मी हे पाढ्यांसारखं शिकवायला लागलो. पहिल्या आठवड्यात वीस सेकंद. काशाची छोटी घंटा एकदा वाजवायची आणि तिचा नाद विरेपर्यंत ऐकायचं, विरला असं वाटलं की हात वर. कोणाचा हात आधी वर जातो, कोणाचा उशिरा, यावरून मुलं खुसुखुसू हसतात, हसू द्या. दुसऱ्या आठवड्यात नाद विरल्यावर पुढे एक आवाज शोधायचा: लाटेचा, पावसाचा, कोंबड्याचा, बंदरावरून येणाऱ्या इंजिनाचा. ऑगस्टपर्यंत माझी मुलं पूर्ण मिनिट बसू लागत. गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा वीस सेकंदांवर यावं लागे. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, चाकरमानी माघारी गेल्यावर सगळ्या गावाचंच तसं होतं.

पहिलीच्या मुलांना हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडतो. तळहात वर करून मांडीवर ठेवायला सांगा. बस, तेवढ्याने चुळबुळ निम्मी होते.

गोष्ट

या चार मिनिटांवर सगळ्यात जास्त कष्ट घ्या. बायबल मुलांना वाचून दाखवू नका, सांगा. छापील पवित्र शास्त्राची मराठी चौथीच्या मुलालाही जड जाते. आदल्या रात्री उतारा तीनदा वाचा, पुस्तक मिटा, आणि घरच्या भाषेत सांगून बघा. वर्गात मराठीत सुरुवात करून मध्येच मालवणीत घसरलात तरी काही बिघडत नाही. उलट त्याच वाक्याला मुलं माना वर करतात.

किनाऱ्यावरच्या शिक्षकाची एक चैन आहे: येशूची पहिली माणसं कोळी होती. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात जाळ्याचा दाखला आहे. जाळं समुद्रात टाकलं, त्यात सगळ्या जातींचे मासे आले, भरल्यावर ते किनाऱ्यावर ओढलं, माणसं खाली बसली, चांगलं भांड्यांत भरलं आणि वाईट फेकून दिलं. ही रापण आहे. डोंगरावरच्या शाळेत हे समजावून सांगायला अर्धा तास लागेल. आमच्या मुलांनी दोन्हीकडचे दोर ओढणारी माणसं, बांगड्याचे ढीग, वाट्यांवरून होणारी भांडणं आणि वाळूवर टाकून दिलेले जेलीफिश डोळ्यांनी पाहिलेले असतात. मी गोष्ट सांगितली आणि एवढंच विचारलं, "ओढताना कोणी मासे निवडतो काय?" एक मुलगा म्हणाला, "नाय, आधी सगळा भायर येवक व्हया." त्या दिवशी मला आणखी काही शिकवायचं उरलं नाही.

योहानाच्या एकविसाव्या अध्यायातली पहाट पण अशीच: रात्रभर काही मिळालं नाही, किनाऱ्यावर निखारे, त्यावर मासळी आणि भाकर, आणि "या, न्याहारी करा." जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे होते, असा आकडा तिथे दिलाय. तो मोजणारा माणूस खरा कोळी असणार, यावर मुलांचं एकमत होतं. समुद्रापलीकडचंही खूप आहे. पिठात खमीर मिसळून सगळं फुगण्याचा दाखला आंबोळीचं पीठ रात्री ठेवणाऱ्या घरातल्या मुलाला कोण समजावणार? रूथ शेतात पडलेली कणसं वेचते, ती गोष्ट भातकापणीच्या दिवसांसाठी राखून ठेवा. हरवलेलं नाणं शोधायला दिवा लावून घर झाडणारी बाई केव्हाही चालते.

आता सावधगिरी. एका ऑगस्टमध्ये, मासेमारीबंदी उठून होड्या नुकत्याच बाहेर पडल्या होत्या, आणि वाडीतली एक होडी दोन दिवस आली नव्हती. माझ्या वेळापत्रकात त्या दिवशी मार्कच्या चौथ्या अध्यायातलं वादळ होतं. ते बदलायचं मला सुचलं नाही. येशू होडीच्या मागच्या भागात उशीवर झोपलाय, लाटा आत येतायत, शिष्य त्याला उठवतात, तो वाऱ्याला दटावतो. चौथीतली एक मुलगी उठली. "सर, तेव्हा येशू होडीत होतो. माज्या मामाच्या होडीत कोण आसा?"

मी घाईने म्हणालो, तिथेही येशू आहेच. ती खाली बसली, पण तिला ते पटलं नव्हतं, आणि मलाही नाही. होडी तिसऱ्या दिवशी आली. इंजिन बंद पडून ती दक्षिणेकडे वाहवत गेली होती. ती परत आली म्हणून माझं उत्तर बरोबर ठरत नाही. किनाऱ्यावरच्या प्रत्येक वाडीत न परतलेल्या होडीचं एखादं घर असतं, आणि त्या घरातलं मूल आपल्या समोर बसलेलं असतं. "प्रार्थना केली म्हणून वाचले" हे वाक्य त्या मुलाच्या कानात "तुम्ही नीट केली नाही म्हणून गेले" असं पडतं. ते वाक्य मी त्यानंतर कधी उच्चारलं नाही.

तीच गोष्ट आता मी दुसऱ्या ठिकाणी थांबवतो. शिष्य येशूला उठवताना जे ओरडतात तिथे: आम्ही बुडतोय आणि तुला काही काळजी नाही का? बायबलमध्ये हे वाक्य आहे, कोणी खोडलेलं नाही. देवावर असं ओरडता येतं, हे आठ वर्षांच्या मुलाला माहीत असलं पाहिजे. सोबत १०७ व्या स्तोत्रातला गलबतांतून समुद्रावर जाणाऱ्यांचा भाग आहे. लाटांनी वर चढतात, खोल उतरतात, दारुड्यासारखे झोकांड्या खातात. तो मोठ्याने म्हणायला मुलांना आवडतो, विशेषतः झोकांड्या.

गोष्ट संपली की अर्थ सांगू नका. "मला एक प्रश्न पडतो..." असं म्हणून एक प्रश्न सोडा आणि मिनिटभर थांबा. उत्तर आलंच पाहिजे असं नाही. आलं तर "बरोबर" किंवा "चूक" म्हणू नका, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून मुलं तुमच्या चेहऱ्यावर उत्तर शोधतील.

प्रार्थना

आमच्या मुलांना प्रार्थना शिकवावी लागत नाही, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं. ज्यांच्या घरी गाऱ्हाणं घातलं जातं त्यांना ते सगळं येतं: एकाने पुढे होऊन गावाचं मागणं देवापुढे मांडायचं, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. चर्चमधली सर्वांसाठीची विनवणी अगदी याच घाटाची आहे. एक जण म्हणतो, बाकीचे म्हणतात, "प्रभू, आमचं ऐक." तेव्हा घाट घ्या, पण गाऱ्हाण्यातले शब्द घेऊ नका. ते ग्रामदेवतेपुढचे आहेत, त्यांची नक्कल शाळेत झाली तर घरच्या माणसांना लागेल, आणि लागायलाच हवं.

रोज एक मूल पुढे येतं आणि तीन वाक्यं म्हणतं: एक आभाराचं, एक चुकीचं, एक मागण्याचं. आदल्या दिवशी शिक्षकांनी त्याच्यासोबत बसून ती ठरवायची, पण लिहून द्यायची नाहीत. "बापाय सुखरूप येवंदे" हे वाक्य मी शुद्ध मराठीत बदलायला लावलं नाही. कॅथलिक घरांतली काही मुलं घरी कोकणीत प्रार्थना करतात. त्यांनी कोकणीत म्हटलं तर बाकीची आपोआप कान देतात. शेवटी प्रभूची प्रार्थना. तिचे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मराठी शब्द थोडे वेगळे आहेत. दोन्ही चर्चची मुलं असतील तर आठवड्याआड बदला आणि भांडण टाळा.

उपासनेच्या जागी एक झाकणाची पेटी ठेवा. ज्याला मोठ्याने बोलायचं नाही त्याने चिठ्ठी टाकायची, लिहिता न येणाऱ्याने चित्र काढायचं. पण हे नीट वाचा: पेटीतली चिठ्ठी कधीही जाहीर वाचायची नाही. रोज दुपारी एका ठरलेल्या शिक्षिकेने एकटीने त्या बघायच्या. "आजी बरी होऊ दे", "ढोलकी हवी" अशा बहुतेक असतात. पण एखादीत घरातल्या मारहाणीचं, उपाशी राहिल्याचं किंवा कोणी नको तिथे हात लावल्याचं असतं. तेव्हा ती प्रार्थना राहत नाही, ती तक्रार असते. मुलाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, पालकांना बोलावून "समजूत" काढू नका. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक भिंतीवर लावलेला असू द्या आणि तो फिरवा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही पोलिसांना न कळवणं हा २०१२ च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, मग ती माहिती प्रार्थनेच्या चिठ्ठीतून आलेली का असेना. "शाळेचं नाव जाईल" हे मी बैठकीत स्वतःच्या कानांनी ऐकलंय. जाऊ दे नाव.

गाणं

बाजाची पेटी, ढोलकी, टाळ. ब्लूटूथ स्पीकरवर इंग्रजी गाणी लावून मुलांना हातवारे करायला लावणं सोपं असतं, म्हणूनच टाळा. मराठी ख्रिस्ती गाण्याची मुळं याच मातीत आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८६१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात जन्मले, आणि त्यांनी ख्रिस्ती भक्ती भजन-अभंगाच्या चालीत आणली. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण गोव्यात छापलं गेलं. एका इंग्रज माणसाने येशूची कथा सांगायला ओवी निवडली. मग आपल्याला पाश्चात्त्य ठेक्याची एवढी काय गरज?

घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडाला कातडं ताणून केलेलं वाद्य, मिळालं तर वापरा. पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, आता बकरीचं लावतात. मुलांना ही माहिती गाण्यापेक्षाही आवडते. एक गाणं महिनाभर ठेवा, रोज नवीन नको.

शिक्षक

गुरुजी-बाईंपैकी निम्मे ख्रिस्ती नसतील. त्यांच्यावर गोष्टीची पाळी टाकू नका. ज्यांना आपणहून घ्यायची असेल त्यांनी घ्यावी. आमच्या एका हिंदू बाई हरवलेल्या मेंढराची गोष्ट माझ्यापेक्षा चांगली सांगत, कारण त्यांच्या माहेरी शेरडं होती. वाचनकोपऱ्याचं काम मात्र "त्यांचं" आणि उपासना "आमची" अशी वाटणी होऊ देऊ नका. मुख्याध्यापकाने आठवड्यातून एकदा स्वतः वाचनकोपऱ्यात बसावं. फादर, पास्टर किंवा सिस्टर महिन्यातून एकदा येऊ देत, आणि त्यांनाही चारच मिनिटं. हे त्यांना सांगायला धैर्य लागतं.

वर्षाची आखणी

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रंगांनी खुणा करा: एक चर्चच्या वर्षाचा, एक गावाच्या. जिथे दोन्ही जवळ येतात तिथे उपासना आपोआप जमते.

शाळा जूनच्या मध्याला उघडते तेव्हा होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. घरात पैसा कमी, वडील घरी. या महिन्यांत मागण्याच्या प्रार्थना जास्त येतात. १५ ऑगस्टला स्वातंत्र्यदिन आणि मरियामातेला स्वर्गात घेतल्याचा कॅथलिक सण एकाच दिवशी असतात. शाळेत ध्वजवंदन, सण चर्चमध्ये, सरमिसळ नको. गणपतीनंतर मुलं परत आली की पहिल्या दिवशी "सुट्टीत कशाबद्दल आभार वाटले?" एवढंच विचारा. कोणी आरतीचं सांगेल, कोणी मोदकांचं. ऐकून घ्या. तिथे तोंड वाकडं केलंत तर त्या मुलाची वर्षभराची प्रार्थना बंद झाली.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात भाताची लोंबी, रूथ, आणि कापणीचे आभार. नोव्हेंबरात कॅथलिक घरांत मृतांची आठवण होते. ज्यांचं कोणी गेलंय त्या मुलांनी नाव मनात घ्यावं, मोठ्याने नाही.

आगमनकाळात चार रविवार आणि चार दिवे. दिवाळीतल्या आकाशकंदिलाचे सांगाडे मुलांच्या घरी माळ्यावर पडलेले असतात. तेच आणून, हिरांनी टोकं वाढवून, चिकट कागद लावला की नाताळची चांदणी होते. गोठ्यासाठी करवंटीत नाचणी पेरा, आठ-दहा दिवसांत हिरवंगार शेत उभं राहतं. रोज पाणी कोण घालणार याची यादी करा, आणि संमती न दिलेल्या मुलांनाही पाणी घालावंसं वाटलं तर घालू द्या, ते फक्त झाड आहे.

उपवासकाळात टेबलावरच्या वस्तू काढा, रिकामं जांभळं कापड ठेवा. राख कपाळावर लावणं चर्चचं काम, शाळेत करू नये. झावळ्यांच्या रविवाराआधीच्या (ईस्टरच्या आदल्या रविवाराआधीच्या) शुक्रवारी माडाच्या पात्यांचे छोटे क्रूस विणायला शिकवा. इथल्या मुलांचे हात आपल्यापेक्षा सराईत असतात. याच दिवसांत, फेब्रुवारी-मार्चनंतर, वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर कासवाची पिल्लं बाहेर पडतात. जमलं तर एक पहाट तिथे न्या. तिथे प्रार्थना घेऊ नका. पिल्लू पाण्यापर्यंत पोचेस्तोवर चाळीस मुलं आपणहून श्वास रोखून उभी राहतात, त्यावर आणखी काय बोलायचं?

वाढ दिसते कशी

प्रगतिपुस्तकात आध्यात्मिक विकासाचा रकाना करू नका. श्रेणी देऊ नका, "उत्तम प्रार्थना" म्हणून बक्षीस तर अजिबात देऊ नका. एकदा मी दिलं, आणि महिनाभर सगळ्यांनी त्याच मुलीची प्रार्थना पाठ म्हटली.

त्याऐवजी शिक्षकाने एक वही ठेवावी आणि दर शुक्रवारी तीन ओळी लिहाव्यात, पाहिलेल्या गोष्टींच्या. कोणी न सांगता माफी मागितली. कोणी जेवणाच्या डब्यातलं अर्धं शेजाऱ्याला दिलं आणि सांगितलं नाही. कोणी "देव आजोबांना परत का देत नाही" असं विचारलं. हा शेवटचा प्रश्नही वाढच आहे, कदाचित तीनपैकी सगळ्यात मोठी. पाठांतर झालेली स्तोत्रं या वहीत लिहू नका, त्यासाठी संडे स्कूल आहे. जूनची पानं मार्चमध्ये वाचली की कुठलं मूल कुठून कुठे आलं ते दिसतं, आणि कोणाकडे आपलं वर्षभर लक्षच गेलं नाही तेही. माझ्या एका वहीत एका शांत मुलाचं नाव दहा महिन्यांत एकदाही नव्हतं. पुढच्या वर्षी मी त्याच्या नावापासून वही सुरू केली.

पहिला आठवडा

सोमवारी फक्त जागा दाखवा, कंदील पेटवा, घंटा एकदा वाजवा, संपवा. तीन मिनिटं. मंगळवारी त्यात गाण्याची पहिली ओळ. बुधवारी छोटी गोष्ट, हरवलेल्या नाण्याची. टेबलावर खराटा ठेवा. गुरुवारी चिठ्ठ्यांची पेटी दाखवा आणि तिच्यातलं कोणी मोठ्याने वाचणार नाही हे मुलांसमोर, त्या शिक्षिकेला शेजारी उभं करून, सांगा. शुक्रवारी पहिलं मूल तीन वाक्यं म्हणेल. सगळ्यात बोलक्याला निवडू नका, आणि सगळ्यात लाजऱ्यालाही नको. कंदिलात रॉकेल शनिवारीच भरून ठेवा. जूनमध्ये वीज केव्हा जाईल सांगता येत नाही, आणि अंधाऱ्या व्हरांड्यात सगळी शाळा तुमच्याकडे बघत असताना बाटली शोधत फिरायची वेळ येते.